सरकार म्हणजे कोण? तीन दारांची गोष्ट



मागे एका गटाच्या बैठकीत मी कायद्याची माहिती सांगायला गेले होते. बोलणं संपलं, चहा झाला, बाया उठायला लागल्या. तेवढ्यात दाराशी बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, सरकारनं धरलं, सरकारनंच सोडलं, आणि कायदाही सरकारच करतं म्हणतात. मग आपण भांडायचं कुठल्या सरकारशी?"

बाकीच्या हसल्या. मीही घाईत काहीतरी उत्तर दिलं आणि एस.टी. गाठली. पण वाटेत तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपण पोलिसाला सरकार म्हणतो, तहसीलदाराला सरकार म्हणतो, कोर्टाला सरकार म्हणतो, आमदार-मंत्र्यांनाही सरकार म्हणतो. हे सगळे एकच असते, तर मावशींचं खरं होतं, भांडायला जागाच नव्हती. पण ते एक नाहीत. ते एक असू नयेत म्हणून आपल्या राज्यघटनेनं मुद्दाम सोय केलीय. ती सोय कुठून आली आणि बायकांच्या ती कशी उपयोगी पडली, ते आज सांगते.

आपल्या बचत गटापासूनच सुरुवात करू. गटाचे नियम कोण करतं? सगळ्याजणी बैठकीत बसून करतात. रोजचा कारभार कोण बघतं? अध्यक्ष आणि सचिव. बँकेतून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागतात. आणि हिशोब तपासायला तिसरंच कुणीतरी येतं. आता समजा, एकाच बाईनं नियम करायचा, तिनंच पैसे काढायचे, हिशोबही तिनंच तपासायचा आणि कुणी तक्रार केली तर निवाडाही तिनंच द्यायचा. ती बाई कितीही भली असो, असा गट किती दिवस चालेल? माणूस वाईट असतो म्हणून आपण दोन सह्या घेत नाही. एका हातावर सगळा भार पडू नये म्हणून घेतो.

देशाचंही तसंच आहे. कायदा करणारे वेगळे. ते आपले आमदार-खासदार, त्यांना कायदेमंडळ म्हणतात. कायद्याप्रमाणे कारभार चालवणारे वेगळे. मंत्री, कलेक्टर, तहसीलदार, तलाठी, पोलीस, हे कार्यकारी मंडळ. आणि तंटा झाला तर कायदा काय सांगतो ते ठरवणारे वेगळे. तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीच्या सुप्रीम कोर्टापर्यंत सगळी कोर्टं, हे न्यायमंडळ. ही तीन दारं लक्षात ठेवा.

पूर्वी अशी दारं नव्हती. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलता रघुनाथराव गादीवर बसला. रामशास्त्री पुण्याचे न्यायाधीश. त्यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावाकडे जातो हे त्याला तोंडावर सांगितलं. मग काय झालं? शास्त्रीबुवांनीच पुणे सोडलं. रघुनाथराव गादीवरच राहिला. कारण न्यायाधीशाला नेमणारा, पगार देणारा आणि गुन्हा करणारा एकच होता. पुढे कारभार बदलला तेव्हा रामशास्त्र्यांना परत बोलावलं गेलं, ही गोष्ट वेगळी. त्यांचा ताठ कणा आपण आजही आठवतो. पण प्रत्येक गावात, प्रत्येक वेळी रामशास्त्रीच मिळेल असं कोण सांगणार? साध्या माणसालाही खरा निकाल देता यावा, अशी व्यवस्था लागते.

इंग्रजांच्या राज्यात तरी ती होती का? तालुक्याला मामलेदार असायचा. सारा वसूल करणारा तोच आणि किरकोळ गुन्ह्यांचा मॅजिस्ट्रेटही तोच. जिल्ह्याला कलेक्टर. पोलिसांवर हुकूम त्याचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून अधिकारही त्याचाच. माझी आजी "कोर्टकचेरी" हा एकच शब्द म्हणायची. आता कळतं, तिच्या लहानपणी ते खरंच एक होतं. साऱ्यासाठी ज्यानं तुमच्या दारात माणूस पाठवला, त्याच्यासमोरच हात जोडून "माझा गुन्हा नाही" म्हणायचं.

ही गोष्ट आपल्या पुढाऱ्यांना फार आधी खुपली होती. १८८६ साली कलकत्त्याला काँग्रेसचं दुसरं अधिवेशन भरलं. पकडणारा आणि न्याय देणारा वेगळा करा, अशी मागणी तिथे ठरावानं झाली. पुढे वर्षानुवर्षं ती होत राहिली. इंग्रज सरकारनं पुरी केली नाही. सगळी सत्ता एका मुठीत ठेवणं राज्यकर्त्याला सोयीचंच असतं.

स्वातंत्र्य आलं, घटना लिहायला घेतली. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत एक कलम मांडलं. सरकारी नोकरीतल्या अधिकाऱ्यांकडून न्यायाचं काम वेगळं करण्यासाठी राज्यानं पावलं उचलावीत, असं ते कलम. आधी त्यात तीन वर्षांची मुदत होती, ती चर्चेत काढली गेली. तेच आजचं ५० वं कलम. मुंबई राज्यानं १९५१ साली त्यासाठी कायदा केला. साऱ्या देशासाठी मात्र १ एप्रिल १९७४ उजाडावा लागला. त्या दिवशी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि न्याय देणारे मॅजिस्ट्रेट हायकोर्टाच्या हाताखाली आले.

वाटणी काही अगदी सुरीनं कापल्यासारखी झाली नाही. शेताच्या वाटेचा वाद आजही तहसीलदाराकडे चालतो, त्याचा कायदा १९०६ चा आहे. पण शिक्षा द्यायची असेल, तुरुंगात पाठवायचं असेल, तर त्या खुर्चीत बसणारा माणूस आता कलेक्टरचा नोकर नसतो. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला तर मंत्र्यालाही काढता येत नाही. त्याला संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि गैरवर्तन किंवा असमर्थता शाबीत व्हावी लागते. नेमणूक झाल्यावर त्याचा पगारही कमी करता येत नाही. रामशास्त्र्यांना जे मिळालं नाही, ते हे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. कोर्ट स्वतंत्र झालं हे चांगलंच. पण त्या स्वतंत्र कोर्टानंच चुकीचा निकाल दिला तर? ही भीती खरी आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात खरी झालेली आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. आईबाप नसलेली, मजुरी करणारी एक आदिवासी पोरगी. वय चौदा ते सोळाच्या मधलं. भावानं दिलेल्या तक्रारीवरून तिला पोलीस ठाण्यात आणलं होतं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. दार लावलं गेलं, दिवे घालवले गेले. बाहेर माणसं जमली. ती बाहेर आली आणि तिनं सांगितलं, शिपायानं माझ्यावर बलात्कार केला. हवालदारानंही हात टाकला.

तिचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

खटला चालला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं आणि उलट मुलीच्याच चालचलणुकीवर बोट ठेवलं. सरकारनं अपील केलं. १९७६ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीतला माणूस. भीतीनं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असं हायकोर्टानं म्हटलं आणि दोघांना शिक्षा दिली. पण १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती.

बाईचं गप्प राहणं म्हणजे होकार! कोणत्या बाईला हे पटेल? पण वर्षभर कुठे आवाज उठला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या-अभ्यासणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. दारिद्र्यात वाढलेली पोरगी पोलीस ठाण्यात काय प्रतिकार करणार, असा त्यांचा सवाल होता. होकार देणं वेगळं आणि भीतीनं शरण जाणं वेगळं, हे त्यांनी मांडलं. ते पत्र हातोहात फिरलं. ८ मार्च १९८० ला मुंबई, दिल्ली, नागपूर आणि कितीतरी शहरांत बाया रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा उघडा, ही त्यांची मागणी होती. निकाल मात्र बदलला नाही.

मग पंतप्रधानांनी का नाही हुकूम काढला की त्या दोघांना तुरुंगात टाका? काढता येत नाही. राष्ट्रपतींना कोर्टानं दिलेली शिक्षा कमी करता येते, माफही करता येते. पण कोर्टानं सोडलेल्या माणसाला शिक्षा देणं, हे राष्ट्रपतींच्याही हातात नाही.

ऐकून राग येतो, मलाही येतो. पण थोडं थांबून विचार करा. आज तुमच्या मनासारखा निकाल मंत्र्यानं फिरवला, तर उद्या तुमच्या बाजूनं लागलेला निकालही तो फिरवील. आणि हे नुसतं 'जर-तर' नाही. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. अपील सुप्रीम कोर्टात असतानाच, ऑगस्टमध्ये, संसदेनं घटनादुरुस्ती करून सांगून टाकलं की पंतप्रधानांची निवडणूक वैध आहे, कोर्टानं त्यात पडायचं नाही. ७ नोव्हेंबर १९७५ ला, आणीबाणी चालू असताना, सुप्रीम कोर्टानं तेवढा भाग रद्द केला. पुढे निवडणूक कायद्यात झालेल्या बदलांच्या आधारे इंदिराजींची निवडणूक कोर्टानं कायम ठेवली. पण एक गोष्ट पक्की झाली. सगळ्यांसाठी नियम बदलायचा तर संसदेनं खुशाल बदलावा. एका खटल्याचा निकाल मात्र संसदेनं लिहायचा नाही.

हीच रेघ देसाईगंजच्या पोरीच्या बाबतीत आडवी आली. आणि याच रेघेनं वाटही दाखवली. निकाल बदलता येत नसेल, तर ज्या कायद्यावर तो निकाल उभा आहे तो कायदा बदला. दुसरं दार बंद झालं, मग बाया तिसऱ्या दारात गेल्या. विधी आयोगानं १९८० मध्येच अहवाल दिला. विधेयक संसदेत आलं, संयुक्त समितीकडे गेलं, आणि २५ डिसेंबर १९८३ पासून नवा कायदा लागू झाला.

त्यात काय होतं? पोलीस ठाणं, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी, ज्याच्या ताब्यात बाई आहे त्यानंच बलात्कार केला, तर शिक्षा किमान दहा वर्षं. अशा खटल्यात शरीरसंबंध झाल्याचं शाबीत झालं आणि बाईनं कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तेच खरं धरून चालायचं. संमती होती हे दाखवायचं ओझं आता आरोपीवर. खटला बंद दाराआड चालवायचा. आणि पीडित बाईचं नाव जाहीर करायचं नाही, केलं तर तो गुन्हा. म्हणून मी मघाशी नाव घेतलं नाही. जगभरच्या पुस्तकांत ते छापलेलं आहे, कारण तिच्या वेळी तो नियम नव्हता. तिच्यामुळे तो आला.

पण तिला स्वतःला काय मिळालं? मैत्रिणींनो, हे लपवून चालणार नाही. तिला न्याय मिळाला नाही. गुन्हा घडला त्या वेळी जो कायदा होता त्याप्रमाणेच निवाडा व्हायचा, नवा फौजदारी कायदा मागे लावायचा नाही, हे घटनेचं २० वं कलम सांगतं. ते कलम तुमच्या-माझ्या पोराबाळांनाही राखतं. पण त्या दिवशी त्यानं तिचे आरोपी राखले. सत्तेच्या वाटणीची किंमत कधीकधी अशी मोजावी लागते, आणि ती बहुतेकदा गरिबाच्याच पदरी येते.

शिवाय १९८३ मध्ये सगळं झालं असंही नाही. बाईच्या चालचलणुकीवर शिंतोडे उडवायची वाट पुरावा कायद्यात उघडीच होती. ते कलम निघालं २००३ मध्ये. आणि 'अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून बाईनं होकार दिला असं धरायचं नाही' हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं २०१३ मध्ये. १९७८ च्या त्या निकालाला संसदेनं दिलेलं हे सरळ उत्तर, पण पस्तीस वर्षांनी. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, कलमांचे आकडे बदलले. या तरतुदी मात्र त्यात आहेत.

आता या तिन्ही गोष्टी एका मुठीत गेल्या तर काय होतं, ते पाहायला दूर जायला नको. जातपंचायत आठवा. नियम पंचांचा, पकडून आणणारे पंचांचे, निवाडा पंचांचा, दंडही पंचांनाच. अपील कुणाकडे? कुणाकडेच नाही. जिला वाळीत टाकलं तिच्या चुलीला विस्तवही मिळायचा नाही. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि वाळीत टाकणं हा गुन्हा ठरवला. जातपंचायतीत सापडलेल्या बाईला विचारा, एकच दार असणं म्हणजे काय असतं.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. भांडायचं कुठल्या सरकारशी, ते तक्रार काय आहे त्यावर ठरतं.

कायदा चांगला आहे, पण पोलीस फिर्याद घेत नाहीत, तलाठी नोंद करत नाही, असं असेल तर दोष कारभाराचा. आधी त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जा. फिर्यादीसाठी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि मॅजिस्ट्रेट पोलिसांना तपासाचा हुकूम देऊ शकतो. खालच्या कोर्टाचा निकाल चुकला असेल तर वरचं कोर्ट. त्यासाठी आमदाराच्या घरी खेपा घालून उपयोग नाही, आणि तो "साहेबांना सांगतो" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. आणि कायदाच अपुरा असेल, वाईट असेल, तर आमदार-खासदाराला धरा. ते काम त्यांचंच. मतं मागायला येतील तेव्हा विचारा, सभागृहात आमच्यासाठी काय बोललात?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण पैशाअभावी कुणी बाई पायरीवरून मागे फिरू नये, म्हणून कायद्यानं बायकांना मोफत वकील दिला आहे, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. अजून एक लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर पोलिसांना बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी यावं लागतं. देसाईगंजची ती रात्र आठवली की हा नियम का आहे ते कळतं.

पुढच्या बैठकीत गटात एवढं करून बघा. गावातल्या बायकांच्या तीन तक्रारी घ्या आणि प्रत्येकीसमोर लिहा, ही कोणत्या दाराची. कारभाराची, कोर्टाची की कायदा करणाऱ्यांची? वाद होईल, होऊ द्या. एखादी तक्रार दोन दारांची निघेल. मग दोन्हीकडे अर्ज करा.

दारं घटनेनं करून ठेवली आहेत. पण १९८० साली बाया रस्त्यावर आल्या नसत्या, तर ते तिसरं दार आपण होऊन उघडलं नसतं. ठोठवायचं काम आपलंच आहे.